मागं सरायची जागा

संदेश हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं खोपटं. गिऱ्हाईक आलं की फोन पालथा घालायचा, गिऱ्हाईक गेलं की परत दोन ओळी. ग्रुपवर पोरं सकाळपासून मागं लागलेली. "संदेशभाऊ, तुमी एक्सपर्ट. जत्रंतल्या फाईटीत कोण मारणार, लिवा की कायतरी!"

लिहायचं म्हटलं तर खरं लिहावं लागणार. आणि संध्याकाळपर्यंत खरं असं निघालं, की माऊली हरणार होता. त्याला हरवायची सगळी तयारी त्याच्या बापानं केली होती. तीही मायेनं. आता असलं ग्रुपवर टाकतं का कुणी?

आधी दोघं कसे खेळतात ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माऊली अंथुर्ण्याचा. उंच, हात लांब, पायानं हलका. त्याचं सगळं बॉक्सिंग लांबनं. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ टोचा, टाकायचा, समोरचा चिडून आत आला की एक पाऊल मागं, अर्धं पाऊल बाजूला, आणि त्याचा ठोसा हवेत गेला रे गेला की उजवा हात त्याच्या कानशिलावर. टिटवी कशी माणसाला घरट्यापासून लांब नेते, ओरडत, लंगडत, आत्ता हातात येते असं दाखवत, तसं माऊली माणसाला रिंगभर फिरवायचा. समोरचा मारून मारून दमायचा आणि याला मार लागलेलाच नसायचा.

राजवर्धन माळेगाव बुद्रुकचा. बुटका, रुंद. मान असा प्रकारच नाही, खांद्यावर डायरेक्ट डोकं. त्याला मागं जाणं ठाऊकच नाही. हंगामात उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतो ना, त्याला ओव्हरटेक करता येतं, अडवता येत नाही. राजवर्धन तसा. दोन जॅब तोंडावर घेणार, डोकं खाली घालून आत शिरणार आणि उजव्या बरगडीखाली डावा हूक, बाजूनं वळवलेला ठोसा, घालणार. तिथं हूक बसला की माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वासच राहत नाही.

अशी जोड लागली की कोण जिंकणार हे हातावर नसतं, जागेवर असतं. माऊलीला मागं सरायला जागा मिळाली तर माऊली. नाही मिळाली तर राजवर्धन. बारामतीत बॉक्सिंग शिकवणाऱ्या सोपान सरांच्या हॉलमध्ये दोघं दोनदा भिडले. तिथलं रिंग म्हणजे खाली फळ्या, वर फोम, वर ताणलेला कॅनव्हास. पाय असा फिरतो की फरशीवर भोवरा. दोन्ही वेळा माऊली जिंकला. दोन्ही वेळा माऊलीच्या कोपऱ्यात त्याचा दोस्त संदेश होता आणि संदेशचं काम एकच. राजवर्धनचा डावा खांदा खाली गेला की ओरडायचं, "मागं!" माऊली वळून बघायचा नाही, नुसता सरकायचा, आणि हूक वाऱ्याला लागायचा.

संदेश स्वतः दोन फाईटी खेळला, दोन्ही हरला. पण बघायचं त्याला कळतं. मोबाईलवर व्हिडीओ थांबवून थांबवून शिकलाय तो. ठोसा हातातनं येतो असं लोकांना वाटतं, तो आधी खांद्यात दिसतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

यंदा बारामती आणि इंदापूर मिळून साठ किलोला एकच पोरगं जिल्ह्याच्या संघात जाणार होतं. जो जिंकेल तो. राजवर्धनला अजून पुढचं वर्ष होतं. माऊलीचं वय पुढच्या वर्षी बसत नव्हतं. त्याच्यासाठी ही शेवटची.

माऊलीचे वडील गेणबा पैलवान. तरणेपणी सगळा तालुका त्यांना ओळखायचा. कान मोडलेले, मनगट अजून बैलगाडीच्या जूसारखं. पोरानं कुस्ती सोडून हे हातमोजे घातले तेव्हा त्यांनी अडवलं नाही. फक्त एकदा, दुसऱ्या फाईटीला, बारामतीला बघायला आले. पुढच्या खुर्चीवर बसले. माऊली तिन्ही राऊंड मागं सरकत, वळत, टोचत राहिला, राजवर्धन पुढं पुढं येत राहिला. पंचांनी माऊलीचा हात वर केला. पोरं नाचायला लागली. गेणबा उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

परत येताना एसटीत तिघं एकाच बाकड्यावर. गेणबा खिडकीतनं बाहेर बघत होते. अंथुर्ण्याचा फाटा आला तेव्हा उठता उठता म्हणाले, "तू जिंकला कसा, ते मला अजून कळलं न्हाय."

माऊली हसला. संदेशपण हसला. पण गाडीतनं उतरल्यावर माऊली घरापर्यंत बापाच्या मागं मागं चालला, बरोबरीनं नाही.

त्याच बापानं जत्रेच्या बैठकीत विषय काढला. म्हणाले, फाईट बारामतीच्या हॉलात कशाला? तितं शंभर माणूस मावत न्हाय. आपल्या जत्रंत घ्या, आपल्या आखाड्यात. गावाचं पोरगं गावासमोर लढू द्या. टाळ्या पडल्या. कमिटीनं सोपान सरांना सांगितलं, मंडप आमचा, लाईट आमची, जेवण आमचं, ढाल आमची. सरांच्या हॉलला धड पंखा नाही. ते हो म्हणाले. तीन पंचांतले दोन कमिटीचे, जुने वस्ताद. तिसरे तेवढे पुण्याहून येणार होते.

सरांनी दोघा वस्तादांना चहाच्या टपरीवर नियम समजावले. संदेश शेजारीच उभा होता.

"म्हंजी ठोसा नीट लागला की गुण?" थोरल्या वस्तादांनी विचारलं.

"बरोबर."

"आन् जो पळंल त्येचं काय करायचं?"

"पळणं न्हाय वस्ताद. मागं जाणं हा डाव असतोय ह्यात."

"डाव?" वस्तादांनी बशीतला चहा तसाच धरला. "आमच्या वक्ताला मागं जाणाऱ्याला पंच कानाला धरून मधी आणायचा."

"नियमात तसं बसत न्हाय."

"आता बसवू की! एवढं काय त्यात," धाकटे वस्ताद म्हणाले, आणि सगळी टपरी हसली. सोपान सरही हसले. संदेशला वाटलं सर आता तरी काही बोलतील. सरांनी क्रीमरोलची ऑर्डर दिली.

तरी हे परवडलं असतं. माऊली इतका मारून जायचा की आंधळ्यानं गुण दिले तरी जिंकावा. खरी गोम संदेशला जत्रेच्या आदल्या दिवशी कळली, जेव्हा तो दुकान बंद करून अंथुर्ण्याला आला आणि आखाडा बघितला.

गेणबा आखाड्याच्या हौद्यात उतरले होते. धोतर गुडघ्यावर, हातात खोरं. आखाड्याची तांबडी माती त्यांनी खालपर्यंत उकरली होती, वरनं नवी चाळलेली माती ओतून घेतली होती. ताक ओतलेलं, तेल, हळद, लिंबं, कडुनिंबाचा पाला. पीठ मळावं तशी ते माती मळत होते. वास असा की लहानपण आठवावं.

"ये रं," गेणबा म्हणाले. "बघ हात लावून. लोण्यावानी केलीया."

संदेशनं चप्पल काढून पाय टाकला. घोट्यापर्यंत आत गेला.

"आबा, रिंग कुठं लावणार?"

"हितंच की. ह्याच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर तुमचं ते कापाड, चार कोपऱ्याला चार डांब, मधी दोऱ्या. जोतीरामला सांगितलंय."

"खाली फळ्या?"

"फळ्या कशाला? पोरगं पडलं तर लागंल न्हवं का." ते खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले. "तितं बारामतीत बघितलं मी. कडक जिमीन. माऊलीचं डोस्कं आपटलं आसतं तर? हितं पडू दे, न्हायतर लोळू दे, हळद घातलीया, जखम झाली तरी पिकायची न्हाय. रातीचा दिवस केलाय ह्या मातीसाठी."

 संदेश जे कळत होतं ते बोलला.

"आबा, माऊली पायावर खेळतोय. पाय रुतला की त्येला वळता येणार न्हाय. मागं सरता येणार न्हाय. राजवर्धनला वळायचंच नसतं, त्यो सरळ येतोय. ही माती त्येच्यासाठीच केल्यासारखी हुईल."

गेणबांनी ऐकलं. अगदी नीट ऐकलं, त्यांच्यावर आरोप करता येणार नाही.

"मागं सरताना रुततोय म्हणतोस?"

"व्हय."

"मग बरंच झालं की." आणि परत माती ओढायला लागले. "आरं, किती दिस पळंल त्यो? गावासमोर एकदा छातीवर येऊन लढला की त्येचं त्येलाच कळंल, त्येच्या अंगात काय हाय. पळायला लागतंय ते कुणाला? ज्येच्या अंगात न्हाय त्येला. माझ्या पोराच्या अंगात हाय. मला ठावं हाय."

त्यांच्या तोंडावर असा विश्वास होता की संदेशला राग येता येईना. राग आला असता तर बरं झालं असतं.

तिथनं तो थेट मंडपवाल्या जोतीरामकडं गेला. जोतीराम टेम्पोतनं सामान उतरवत होता. फळ्यांची थप्पी रचलेली, चांगल्या जाड, इंचभर तरी.

"जोतीभाऊ, ह्या फळ्या रिंगाखाली टाका की. एवढंच काम करा."

"ह्या स्टेजच्या हायत."

"स्टेजवर नुसतं बसायचंय. त्याला कशाला एवढ्या?"

"आप्पासाहेबांचा सत्कार हाय बाबा, पुढारी माणूस. पाहुणे, सोफे, टीपॉय, मागं बॅनर. आप्पासाहेबांचा सोफा मातीत रुतला तर माझा धंदाच रुतला म्हणून समज."

"आन् पोरांचे पाय रुतले तर?"

जोतीरामनं विचार केल्यासारखं केलं. "पोरं तरणी हायत," तो म्हणाला. "काढतील पाय."

अशा रीतीनं अंथुर्ण्याच्या जत्रेत ज्यांना नुसतं बसायचं होतं त्यांच्या पायाखाली फळ्या आल्या.

संदेशनं सोपान सरांना फोन लावला. सर म्हणाले, "पत्रिका वाटल्या रे आता. गेणबांना दुखवून चालणार न्हाय, त्यांनीच सगळं जमवलंय. आणि घरचं मैदान हाय त्याचं, फायदाच हुईल की." घरचं मैदान. संदेशनं फोन ठेवला आणि तिथंच लिंबाखाली बसून ग्रुपवर टाईप केलं: माऊली अंथुर्णे विरुद्ध राजवर्धन माळेगाव, कोण जिंकणार आणि का. दोन पानं झाली असतील. मग सगळं पुसलं आणि टाकलं, "फाईट भारी होणार. सगळ्यांनी या." खाली धडाधड अंगठे आले.

जत्रेदिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात वजनं झाली. राजवर्धन एकटाच रिंगकडं जाऊन आला होता. संदेशला बघून थांबला.

"संदेशभाऊ, ह्ये काय करून ठेवलंय?"

"काय?"

"पाय ठिवला तर खड्डा पडतोय. ताडपत्री गोळा हुतीया."

"तुला काय, चांगलंच हाय."

राजवर्धनचं तोंड उतरलं. "चांगलं कशाचं? दोन बारीला हरवलंय त्यानं मला. वर्षभर मी एकच काम केलंय, त्येला कोपऱ्यात कसा कोंडायचा. वाट कापायची त्येची, माझ्या पायानं. शिकलो बी. आन् आता ह्यो हितं आधीच बांधून ठिवलेला." तो जमिनीकडं बघत होता. "मी जिंकलो तर लोकं म्हणतील मी जिंकलो. माऊलीला आन् मला ठावं आसंल."

"मग सांग की कमिटीला."

"मी सांगू? माळेगावचा? म्हणतील भ्यालं." आणि तो टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

दिवस कलायला लागला तशी हलगी सुरू झाली. माऊली शाळेच्या वर्गात बाकावर बसला होता. फळ्यावर अजून मास्तरांचे पाढे. संदेश त्याच्या हाताला पट्टी गुंडाळत होता, बोटांच्या मधनं, मनगटाला तीन फेरे. नेहमी या वेळी माऊली बडबड करतो. आज नुसता ते पाढे बघत होता.

"बघून आलास?" संदेशनं विचारलं.

"काय बघायचं? त्याच मातीत वाढलोय मी. काल आबांच्या पायाला हळदीचा वास आला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? त्यांनी हाताला फोड येईस्तवर माती मळलीया. आईला म्हणत व्हते, पोराला लागाय नको." माऊलीनं बोटं उघडून मिटून बघितली. "तू सांगितलंस म्हणं त्यास्नी."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

संदेशनं पट्टीचं टोक दातानं फाडलं. "म्हणाले, तुझ्या अंगात हाय."

माऊली हसला. हसू चांगलं नव्हतं. तेवढ्यात गेणबा आत आले. नवा फेटा, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट. चिमटीत माती आणलेली. त्यांनी पोराच्या दोन्ही खांद्यांना ती चोळली, मग कपाळाला. पैलवान पैलवानाला लावतो तशी. 

"मी पुढंच बसतोय," ते म्हणाले. "आज उठून जात न्हाय." आणि गेले.

 बाहेर माईकवर आप्पासाहेबांचं स्वागत चाललं होतं, शाल, श्रीफळ, फेटा. सगळे त्या फळ्यांवर.

"संद्या," माऊली म्हणाला, "मी हिशोब लावलाय. नीट ऐक. मी मागं सरलो तर दोन पावलात पाय अडकणार. तिसऱ्याला त्यो हूक घालणार. म्हंजी हरलो. वर मागं सरताना हरलो, म्हंजी पळताना पडलो. आबा समोर बसल्यात, मागं आख्खं गाव. पुढल्या जत्रंपतोर हेच ऐकायचं, गेणबा पैलवानाचं पोरगं पळताना पडलं."

"आणि पुढं गेलास तर?"

"पुढं गेलो तर त्येच्या अंगावरच जातोय. त्येला तेच पायजे. तवाबी हरलो."

"मग?"

"मग काय. हरायचंच हाय तर आबांना जे बघायचंय ते बघून हरतो."

संदेश उठला. वर्गात दोन येरझाऱ्या मारल्या. "आरं पण जिल्हा? वय? परत न्हाय मिळायचं हे, गाढवा! पहिली राऊंड लांब राहा. जागच्या जागी राहा, पाय हलवू नको, नुसता जॅब. त्येचा खांदा खाली गेला की मी सांगतो. एका पावलापुरती जागा असंल. एकदा मागं, फक्त एकदा, आणि उजवा घाल. त्यो बसंल. माती त्येलाबी धरणारच की!"

"एकदा?"

"एकदाच."

माऊली विचार करायला लागला. संदेशनं बघितलं, त्याचा डावा पाय बाकाखाली आपोआप अर्धं पाऊल बाजूला सरकला. टाच वर, चवड्यावर भार. त्या पायाला सगळं येत होतं. मग माऊलीनं खाली बघितलं, आपल्या पायाकडं, आणि पाय परत जागेवर आणून ठेवला.

"न्हाय," तो म्हणाला. "तू 'मागं' म्हणलास ना, की माझं अंग ऐकतंय. डोस्कं न्हाय म्हणलं तरी ऐकतंय. दोन वर्षं तेच केलंय आपण. आन् आबा तुझ्या शेजारीच बसणार. त्यांना ऐकू जाणार, माझा दोस्त मला काय सांगतोय." त्यानं हात पुढं केले, संदेशनं ग्लोव्ह चढवायला घेतले. एक हात. दुसरा हात. संदेशनं नाड्या आवळल्या.

"म्हणून मागतोय," माऊली म्हणाला. "आज 'मागं' म्हणायचं न्हाय."

बाहेर माईकवर नाव पुकारलं. अंथुर्ण्याची शान, गेणबा पैलवानांचे चिरंजीव. हलगीचा ठेका वाढला, पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"त्याचा खांदा खाली गेलेला मला दिसणार," संदेश म्हणाला. "सगळ्यांच्या आधी दिसणार. मी काय करू, डोळं मिटू?"

"बघ. पर म्हणू नको."

"तिसऱ्या राऊंडला तरी, माऊल्या."

"न्हाय."

"तू खाली बसलास तरी?"

"तरीबी न्हाय. घे शपथ."

संदेशनं त्याचे दोन्ही ग्लोव्ह आपल्या हातात धरले. आत बोटं मिटलेली लागत होती.

"न्हाय म्हणणार," तो म्हणाला. "घसा फाटला तरी न्हाय."

"एकदाबी न्हाय?"

"एकदाबी न्हाय, भावा. शपथ."